पायाखालची जमीन

मनुष्य भयभीत झाला म्हणजे त्याचे काय होते, हे सांगण्यासाठी आपल्या भाषेने जे शब्दप्रयोग घडविले आहेत, ते एकदा एकत्र मांडून पाहण्यासारखे आहेत. त्याचे हातपाय गळतात, तोंडचे पाणी पळते, छातीत धस्स होते आणि सर्वांवर कडी म्हणजे त्याच्या पायाखालची जमीन सरकते. यांपैकी एकाही प्रयोगात बुद्धीचा उल्लेख नाही. सारे प्रयोग हाताचे, पायाचे, तोंडाचे, छातीचे आहेत. तोच मनुष्य सावरला म्हणजे त्याचे चित्त थाऱ्यावर आले, असे आपण म्हणतो. थारा म्हणजे टेकण्याची, पाय रोवण्याची जागा. भय ही विचारांत घडणारी गोष्ट असली तरी ती शरीरात भोगावी लागते आणि तिच्यातून सुटण्याची वाटही बहुधा शरीरातूनच जाते, हे ज्ञान आपल्या भाषेने पूर्वीच साठवून ठेवले आहे.

अलीकडच्या मानसोपचारात एक उपाय वारंवार सांगितला जातो. त्याला इंग्रजीतून आलेला शब्द 'ग्राउंडिंग' असा आहे. चिंतेच्या वावटळीत सापडलेल्या मनाला पायाखालची जमीन, हातातील वस्तू, कानावर पडणारा आवाज आणि नाकातून चाललेला श्वास यांच्याशी पुन्हा जोडून देणे, एवढाच त्याचा अर्थ. आपण त्याला भानावर येणे म्हणू. शब्द नवा असला तरी ही विद्या नवी नाही. ती माणसाला अनेकदा सापडली, अनेकदा विस्मृत झाली आणि प्रत्येक वेळी कोणाच्या तरी दुःखातून पुन्हा हाती आली. तिचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

प्रथम भयाच्या स्वरूपाविषयी. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन आपली अवस्था सांगतो, ती एखाद्या वैद्याने लिहून ठेवावी इतकी नेमकी आहे. त्याची गात्रे शिथिल झाली आहेत, तोंड कोरडे पडले आहे, अंगाला कंप सुटला आहे, हातातून गांडीव गळत आहे, उभे राहवत नाही आणि मन भ्रमल्यासारखे झाले आहे. युद्ध करू नये यासाठी तो जे युक्तिवाद करतो ते वेगळे. परंतु त्याआधी त्याचे शरीर बोलून गेले आहे. त्याला समजावण्यासाठी साक्षात् श्रीकृष्णाला पुढे सतरा अध्याय खर्ची घालावे लागले. असा सारथी आणि एवढा अवकाश आपल्यापैकी फारच थोड्यांच्या वाट्याला येतो.

शरीराच्या या भाषेचा उलगडा हार्वर्ड विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला. संकट दिसताच मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या बसलेल्या ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात मिसळते. हृदय वेगाने चालू लागते. पोटाचे काम थांबून रक्त स्नायूंकडे वळते. शरीर झुंजण्यास किंवा पळण्यास सिद्ध होते. रानात वाघ समोर आला तर ही तयारी प्राण वाचविते. परंतु समोर वाघ नसून सावकाराचे पत्र असेल, मुलाच्या परीक्षेचा निकाल असेल किंवा वैद्यकीय तपासणीचा कागद असेल, तर झुंजावयाचे कोणाशी आणि पळावयाचे कोठे? तयारी झालेली असते, तिला काम मात्र मिळत नाही. अशा वेळी 'घाबरू नकोस, मन घट्ट कर' हा उपदेश निष्फळ ठरतो याचे कारण हेच. ज्या मनाला आपण आज्ञा करतो ते त्या क्षणी स्वतःच्या घरात नसते.

आता आपण सोळा-सतराशे वर्षे मागे, इजिप्तच्या वाळवंटात जाऊ. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीपासून तेथे ख्रिस्ती संन्याशांच्या वसाहती उभ्या राहू लागल्या. त्यांचा आद्य पुरुष मठाधिपती संत अँथनी. गोव्यात आणि बेळगावकडे घरोघरी ज्याची प्रतिमा असते आणि जून महिन्यात ज्याचे फेस्त होते, तो सांत आंतोन पाद्वाचा; तो नऊशे वर्षांनंतरचा. हा अँथनी इजिप्तचा शेतकरीपुत्र. एकान्तात बसून ईश्वरचिंतन करावे म्हणून तो वाळवंटात गेला आणि तेथे त्याचे मन इतके काळवंडले, विचारांचे इतके काहूर माजले की पुढे काय करावे हे त्याला सुचेना. त्याच्याविषयीची जुनी कथा अशी आहे. त्याने ईश्वराकडे मार्ग मागितला. थोड्याच वेळात त्याला आपल्यासारखाच एक मनुष्य दिसला. तो बसून दोरी वळत होता. मग काम ठेवून उभा राहून प्रार्थना करीत होता. पुन्हा बसून दोरी वळत होता. पुन्हा प्रार्थनेला उठत होता. तो देवदूत होता आणि असेच कर म्हणजे तुझे कल्याण होईल, असे त्याने सांगितले. या कथेत देवदूताने कोणतेही तत्त्वज्ञान सांगितले नाही. हाताला दोरी दिली आणि दिवसाला ताल दिला.

त्याच परंपरेतील एव्हाग्रिअस हा विद्वान संन्यासी ३९९ साली मरण पावला. भर दुपारी संन्याशाला जी अवस्था गाठते, तिचे वर्णन त्याने करून ठेवले आहे. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो. दिवस पन्नास तासांचा भासतो. संन्याशी पुनःपुन्हा खिडकीतून डोकावतो, कोणी येत आहे का पाहतो. राहती जागा नकोशी होते आणि दुसरीकडे कोठेही गेले तर सुख मिळेल असे वाटते. या अवस्थेस ग्रीक भाषेत 'अकेदिया' असे नाव आहे. आजच्या चिंताविकाराशी ती सर्वस्वी एकरूप नाही. तीत कंटाळा आहे, खिन्नता आहे आणि अस्वस्थताही आहे. परंतु मन असलेल्या जागी राहण्यास नकार देते, हे लक्षण दोहोंत समान आहे. एव्हाग्रिअसचा उपाय साधा होता: खोली सोडू नये, हाती घेतलेल्या कामाला माप घालून द्यावे आणि ते माप पुरे होईपर्यंत उठू नये.

या साऱ्या अनुभवाचे सार मला जॉन कॅशिअन या लेखकाने सांगितलेल्या एका आठवणीत दिसते. कॅशिअनने इजिप्तमध्ये अनेक वर्षे राहून तेथील रीत पाहिली आणि पुढे फ्रान्समधील मार्सेय येथे, ४२० सालाच्या सुमारास, ती लिहून काढली. तो पॉल नावाच्या एका वृद्ध संन्याशाविषयी सांगतो. पॉल वस्तीपासून सात दिवसांहून अधिक वाटेवर राही. खजुराची झाडे आणि लहानसा मळा यांवर त्याचा निर्वाह होई. टोपल्या-चटया विणून विकाव्यात, तर बाजारात नेण्याचा खर्च किमतीहून अधिक. तरी पॉल रोज खजुराची पाने गोळा करी आणि पोट त्यावरच अवलंबून असल्यासारखे नेमून दिलेले काम रोज पुरे करी. वर्षाअखेर गुहा त्या कामाने भरून जाई. मग तो सर्व जाळून टाकी आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आरंभ करी. व्यवहारी मनुष्य यास वेडेपणा म्हणेल. परंतु पॉलला टोपली नकोच होती. त्याला स्थिर चित्त हवे होते, आणि ते हातांच्या वाटेनेच येते हे तो जाणून होता.

याचे मर्म आपल्याकडील स्त्रियांना कोणी शिकवावे लागले नाही. पहाटे जात्यावर बसून दळता दळता सासरचा जाच, माहेरची ओढ, मेलेल्या लेकराची आठवण त्या ओवीत घालीत. हात फिरत असे, दगडाचा घरघराट कानी असे, श्वास ओवीच्या लयीने चालत असे. आणि जे दुःख नुसते मनात धरले असते तर जीव घेते, ते त्या लयीत सोसवले जाई. फ्रान्सहून येऊन पुण्यास स्थायिक झालेले गी पॉइतवाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या खेडोपाडी फिरून जमविल्या. त्या संग्रहास लोकसाहित्याचे भांडार म्हणतात ते योग्यच आहे. माझ्या मते ते मनःस्वास्थ्याच्या इतिहासाचेही भांडार आहे.

श्वासाच्या लयीचा उपयोग अनेक धर्मांनी केला. बौद्धांच्या सतिपट्ठान सुत्तात येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे, आणि चालताना चालण्याकडे, लक्ष ठेवण्याचा पाठ आहे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांचे 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक १५४८ साली रोम येथे छापले गेले. त्यात प्रार्थनेची एक रीत अशी आहे की एका श्वासाबरोबर प्रार्थनेचा एकच शब्द मनात घ्यावा आणि पुढचा श्वास येईपर्यंत त्याच शब्दावर थांबावे. त्यांचे सोबती संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास उतरले आणि या परंपरेची साधना आपल्या भूमीवर आली. रोझरीचे मणी असोत, तुळशीची माळ असो वा तसबी असो, बोटांना काही मोजावयास दिले म्हणजे मन फार लांब जाऊ शकत नाही. अर्थात् या साऱ्यांचा हेतू ईश्वराकडे जाण्याचा आहे. चिंता शमविण्याची ती औषधे नव्हेत. तथापि ईश्वराकडे जाणाऱ्यालाही आधी कोठेतरी उभे राहावे लागते, हे त्या साधकांनी ओळखले होते.

विसाव्या शतकाने ही विद्या पुन्हा शोधली ती तोफांच्या गडगडाटात. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतून असे सैनिक परत येऊ लागले की ज्यांच्या अंगावर जखम नव्हती, परंतु जे बोलू शकत नव्हते, चालू शकत नव्हते, झोपेत किंचाळत होते. १९१५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मायर्स या वैद्याने 'लॅन्सेट' या नियतकालिकात अशा रुग्णांविषयी लिहिताना 'शेल शॉक' हा शब्द छापला. मोठा प्रश्न असा होता की हे रोगी समजावेत की भित्रे. ब्रिटिश सैन्याने त्या युद्धाच्या काळात पळून जाणे, भेकडपणा दाखविणे अशा अपराधांसाठी जे सैनिक गोळ्या घालून मारले, त्यांपैकी ३०६ जणांना ब्रिटिश पार्लमेंटने २००६ च्या कायद्यान्वये मरणोत्तर क्षमा केली. त्यांतील प्रत्येक जण मनाने आजारी होता असे कोणी म्हणू नये; परंतु जे आजारी होते त्यांच्यापर्यंत न्याय पोचण्यास नव्वद वर्षे लागली.

उपचारांतही दोन पंथ होते. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात लुइस येलँड हे डॉक्टर मुक्या झालेल्या सैनिकाच्या घशाला विजेचे झटके देऊन त्यास बोलावयास लावीत. आपल्या पद्धतीचे वर्णन त्यांनी १९१८ साली स्वतःच छापले. दुसरा पंथ एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट येथे होता. जलोपचारासाठी बांधलेल्या एका भव्य इमारतीत १९१६ च्या ऑक्टोबरात सैनिकी अधिकाऱ्यांसाठी रुग्णालय उघडले गेले. तेथील डॉक्टर विल्यम रिव्हर्स हे मानववंशशास्त्रज्ञही होते. नीलगिरीतील तोडा लोकांमध्ये राहून त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९०६ साली प्रसिद्ध झाला होता. भयंकर आठवणी दाबून टाकू नयेत, त्यांच्याकडे बेताबेताने पाहावे, असे ते रुग्णांना शिकवीत. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे डॉक्टर म्हणजे त्यांचे सहकारी आर्थर ब्रॉक.

ब्रॉक हे ग्रीक भाषेचे पंडित. प्राचीन वैद्य गॅलन याचा एक ग्रंथ त्यांनी इंग्रजीत आणला होता. आपल्या रुग्णांचा आजार समजावून देण्यासाठी ते एक ग्रीक कथा सांगत. अँटिअस नावाचा एक राक्षस होता. भूमी ही त्याची माता. जोवर त्याचे पाय जमिनीला टेकलेले असत तोवर त्याला कोणी जिंकू शकत नसे. पडला तरी मातेच्या स्पर्शाने नवे बळ घेऊन उठे. हर्क्युलिसने हे रहस्य ओळखले, त्याला जमिनीवरून उचलून अधांतरी धरले आणि आवळून मारले. ब्रॉक म्हणत की युद्धाने या तरुणांना असेच जमिनीवरून उचलले आहे. आपला परिसर, आपले काम, आपली माणसे यांपासून तोडले आहे. त्यांना पुन्हा भूमीवर उतरविणे हाच उपचार. म्हणून ते रुग्णांना सकाळी अंथरुणात लोळू देत नसत. कोणाला शेतावर धाडीत, कोणाला सुतारकामावर, कोणाला रानातील झाडे-पक्षी पाहावयास, कोणाला शहराच्या वस्त्यांची पाहणी करावयास.

१९१७ च्या जून महिन्यात चोवीस वर्षांचा एक लेफ्टनंट त्यांच्या हवाली झाला. तोफगोळ्याच्या स्फोटाने तो उडाला होता, मृत सहकाऱ्याच्या अवशेषांशेजारी दिवसांमागून दिवस पडून राहिला होता. आता तो अडखळत बोले आणि त्याचे अंग कापे. त्याचे नाव विल्फ्रेड ओवेन. ब्रॉकने त्याला कामे लावून दिली. रुग्णालयाच्या 'हायड्रा' नावाच्या नियतकालिकाचे संपादन त्याने केले. निसर्गनिरीक्षण मंडळापुढे वनस्पती विचार करतात काय, या विषयावर निबंध वाचला. जवळच्या शाळेत मुलांना वाङ्मय शिकविले. आणि ब्रॉकच्या सूचनेवरून अँटिअसच्या कथेवर कविताही लिहावयास घेतली. हळूहळू त्याची झोप सुधारली, वाणी मोकळी झाली, आणि ज्या युद्धकवितांमुळे तो आज ओळखला जातो त्यांतील काही त्याच इमारतीत जन्मास आल्या. शाळेत शिकविणाऱ्या माझ्यासारख्यास त्या हकिकतीत एक गोष्ट विशेष वाटते: वर्गापुढे उभा राहणारा मनुष्य स्वतःही सावरत जात असतो. योगायोग असा की १९२० पासून अनेक वर्षे त्याच इमारतीत पवित्र हृदयाच्या सिस्टर्सनी कॅथलिक शिक्षिकांचे अध्यापन महाविद्यालय चालविले. आज तेथे नेपिअर विद्यापीठाचे विद्यालय आहे.

ब्रॉकची ही दृष्टी त्यांना ज्या गुरूपासून लाभली, त्यांचे नाव इंदूर आणि बडोद्याच्या श्रोत्यांना परके वाटू नये. ते म्हणजे नगररचनाकार पॅट्रिक गेडीस. स्थान, काम आणि लोक या तिहींचा संबंध तुटला म्हणजे मनुष्य आणि नगर दोन्ही आजारी पडतात, हे त्यांचे सूत्र. बडोद्यासाठी त्यांनी १९१६ साली अहवाल लिहिला. इंदूर दरबारास सादर केलेला त्यांचा मोठा अहवाल १९१८ चा आहे. इंदुरास ते आले तेव्हा प्लेगच्या धास्तीने शहर ग्रासले होते. गेडीस यांनी लोकांना धीर धरण्याचा उपदेश केला नाही. दिवाळीस मोठी मिरवणूक काढण्याचे ठरविले आणि जाहीर केले की ज्या भागात घरे अधिक स्वच्छ व दुरुस्त होतील त्या भागातून मिरवणूक जाईल. मग काय विचारता! घरोघर झाडू निघाले, कचऱ्याचे ढीग गाड्यांवर चढले, भिंतींना सफेदी लागली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती. शेवटी तिचे दहन झाले. ज्या वर्षी शिष्य एडिंबरोत एका तरुणाला कामास लावीत होता, त्याच सुमारास गुरू इंदुरात एका भ्यालेल्या शहराच्या हाती झाडू देत होता. एकाच विद्येचे हे दोन प्रयोग होत.

येथे एक न्यूनही सांगितले पाहिजे. क्रेगलॉकहार्टचे दार अधिकाऱ्यांसाठी होते. मेसोपोटेमियातील कूट येथे १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर, १९१६ च्या २९ एप्रिलला, जी फौज उपाशीपोटी शरण गेली, तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. ज्या रेजिमेंटचे केंद्र आज बेळगावात आहे, तिचेच हे पूर्वज. त्यांच्यातील जे परत आले त्यांना कोणी ब्रॉक भेटला नाही, त्यांचे कोणी मासिक निघाले नाही. त्यांच्यासाठी भूमी होती ती गावचीच. नांगराची मूठ, बैलांची गळ्यातील घुंगरे, पाणंदीची माती, हाच त्यांचा दवाखाना.

पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील अलेक्झांडर लोवेन या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६ नंतरच्या काळात रुग्णाला गुडघे किंचित वाकवून उभे करून तळपायाखालची जमीन जाणवून घ्यावयास लावले आणि या क्रियेस 'ग्राउंडिंग' हे नाव रूढ केले. १९८० साली अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत आघातोत्तर ताणविकारास स्वतंत्र स्थान मिळाले. त्यानंतर युद्ध, अत्याचार, अपघात यांच्या आठवणींनी अकस्मात वेढल्या जाणाऱ्या माणसांसाठी या क्रिया उपचाराचा नित्याचा भाग झाल्या. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने ताणाशी सामना करण्यासाठी एक सचित्र पुस्तिका प्रसिद्ध केली; तिचा पहिला पाठ याच विषयाचा आहे. ही पुस्तिका ज्या शिक्षणक्रमातून निघाली त्याची परीक्षा युगांडातील ऱ्हायनो कॅम्प या वसाहतीत, दक्षिण सुदानमधून जीव घेऊन आलेल्या ६९४ स्त्रियांच्या साहाय्याने झाली. तो शिक्षणक्रम ध्वनिमुद्रित आवाजातून, पाच बैठकांत शिकविला गेला. आणि तीन महिन्यांनंतर तो ऐकलेल्या स्त्रियांचा मानसिक त्रास इतरींच्या मानाने कमी आढळला. नुसता ऐकलेला आवाजही कोणास आधार देऊ शकतो, हे श्रोतेहो, नभोवाणीवर बोलणाऱ्यास धीर देणारे आहे.

मग करावयाचे काय? मनात वादळ उठले की प्रथम ते उठले आहे असे स्वतःशी म्हणावे. ते नाकारू नये. दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकवून किंचित दाब द्यावा. श्वास सावकाश सोडावा, कारण श्वास सोडताना हृदयाची गती स्वभावतःच थोडी मंदावते. मग सभोवार पाहून दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे घ्यावीत. कानी येणारे आवाज ओळखावेत. हाताखालचे लाकूड, पदर, पाण्याचा थंड पेला यांचा स्पर्श नीट अनुभवावा. शेवटी समोर जे लहानसे काम असेल त्यास हात घालावा. काहींना श्वासाकडे लक्ष दिल्याने उलट अधिक घाबरल्यासारखे होते; त्यांनी पाय आणि डोळे यांवरच भर द्यावा. परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका हाती येताच ज्याची बोटे थरथरतात अशा मुलास मी एवढेच सांगतो की बाक दोन्ही हातांनी घट्ट धर, समोरच्या भिंतीवर काय काय आहे ते मनात मोज, आणि मग पहिली ओळ वाच. उत्तरे ठाऊक नसतील तर यामुळे ती येत नाहीत. ठाऊक असलेली मात्र परत येतात.

या उपायाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ही नाव बांधण्याची दोरी आहे. वादळ थांबविण्याचा मंत्र नव्हे. छातीत वारंवार दुखत असेल, झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. भारत सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर याचसाठी आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाजेपायी काय घडते हे त्या ३०६ सैनिकांचा इतिहास सांगतो.

परंतु याहून गंभीर मर्यादा ओवेनच्या चरित्रात आहे. तो बरा झाला, पुन्हा आघाडीवर गेला आणि १९१८ च्या ४ नोव्हेंबरला एका कालव्याकाठी मारला गेला. युद्ध थांबण्यास सातच दिवस उरले होते. विजयाच्या घंटा वाजत असताना त्याच्या आईवडिलांच्या हाती तार पडली. रुग्णाला बरे करणे म्हणजे त्याला पुन्हा मृत्यूच्या दारी पोचविणे, हा पेच रिव्हर्स यांच्याही मनाला जाचत असे. आज कारखान्यांत, कचेऱ्यांत, शाळांतही दीर्घ श्वासाचे पाठ दिले जातात. ते अवश्य द्यावेत. परंतु ज्याच्यावर दोघांचे काम लादले आहे, ज्याचा पगार चार महिने थकला आहे, ज्या मुलाला घरी रोज मार बसतो, त्याला नुसता श्वास मोजावयास शिकवून आपण मोकळे होऊ लागलो, तर आपण येलँडचेच थोडे सौम्य शिष्य ठरू. अँटिअसला जमिनीवर उतरवावयाचे तर ती जमीन त्याच्या मातेची हवी.

म्हणून भ्यालेल्या मनुष्याविषयी आपली दोन कर्तव्ये आहेत. त्याला भित्रा न म्हणता त्याचा हात हाती घेऊन, पाय टेकावयास सांगून, भानावर आणावे हे पहिले. देवदूताने अँथनीला दोरी दिली, त्याच मायेने त्याच्या हाती काही काम द्यावे. आणि तो उभा राहिला म्हणजे ज्या जमिनीवर तो उभा आहे ती खरोखर उभे राहण्याजोगी आहे की नाही, हे पाहावे, हे दुसरे. पहिले कर्तव्य काही क्षणांचे आहे आणि कोणासही करता येते. दुसऱ्याला सर्वांचे हात लागतात.